प्रतिसाद: डच जॅझ फक्त अमेरिकेतून आला?

दुसऱ्या महायुद्धानंतर डच तरुणांनी जॅझमधून अमेरिकी आधुनिकता उचलली, हा या चर्चेत मांडलेला मुद्दा अर्धाच पटतो. या संगीताची एक वाट थेट डच वसाहतींतून येत होती आणि ती या चर्चेत अजून आलेलीच नाही. सॅक्सोफोनवादक किड डायनामाइट घ्या. खरं नाव लोडेवेइक पारिसियस, जन्म 1911, पारामारिबो. म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामचा, तेव्हाच्या डच साम्राज्यातलाच माणूस! त्याचा सुरिनामी सहकारी थिओडोर कांटोर तर टेडी कॉटन अशा अमेरिकी वाटणाऱ्या नावाने वाजवायचा. कृष्णवर्णीय वादक म्हणजे अमेरिकी, अशी श्रोत्यांची अपेक्षा होती. म्हणून आपल्याच राज्यातल्या कलाकारांना परक्या देशाची नावं घ्यावी लागली. मला हे फार बोचतं. पारिसियसने जॅझमध्ये कासेको हे सुरिनामी नृत्यसंगीत मिसळलं, त्याची आठवण डच जॅझच्या गोष्टीत पुरेशी निघत नाही.

दुसरं नाव जॅझ वाद्यवृंदाचा प्रमुख बॉय एडगर, जन्म 1915, तेव्हाची डच वसाहत, आजचा इंडोनेशिया. पेशाने डॉक्टर. 1960 च्या दशकात त्याची बिग बँड (मोठा जॅझ वाद्यवृंद) गाजली. नेदरलँड्समधला जॅझचा सर्वांत मानाचा पुरस्कार आज त्याच्याच नावाने दिला जातो.