मूत्रपिंड, वृक्क की किडनी? आणि ती रक्त नक्की ‘गाळते’ का?

आरोग्याच्या एका छोट्या पुस्तिकेचं भाषांतर करतेय आणि पहिल्याच पानावर अडलेय. बोलताना आपण सगळे किडनीच म्हणतो, अनेकवचनही बिनदिक्कत किडन्या करतो, म्हणजे शब्द आपलाच झालाय, पण संपादकांना ‘मराठी’ हवाय. मग मूत्रपिंड की वृक्क? वर युरेटर आणि युरेथ्रा दोन्हीला मी मूत्रनलिका लिहून बसले, त्यामुळे वाक्य झालं असं की लघवी मूत्रनलिकेतून मूत्राशयात येते आणि मूत्रनलिकेतून बाहेर जाते. सोडवा कुणीतरी.

—

नळ्यांचं सोपं आहे. युरेटर म्हणजे मूत्रवाहिनी, दोन असतात, एकेका किडनीतून एकेक, साधारण २५ ते ३० सेंमी लांब. मूत्राशयातून बाहेर जाणारा तो मूत्रमार्ग, एकच. फक्त ‘मूत्रमार्गाचं इन्फेक्शन’ म्हणताना आपण वरपासून खालपर्यंतची सगळी वाट धरतो, तेवढा खुलासा एकदा टाका.

—

वृक्क जुना शब्द आहे पण गंमत बघा, आयुर्वेदाच्या चरकसंहितेत वृक्क हे मेद वाहणाऱ्या स्रोतसांचं (म्हणजे शरीरातल्या वाटांचं) मूळ सांगितलंय, आणि मूत्राच्या स्रोतसांचं मूळ बस्ती (मूत्राशय) आणि वंक्षण (जांघ). म्हणजे वृक्क या शब्दात लघवी नाहीच! (किडनीभोवती चरबीचं जाड वेष्टण असतं खरं.) उलट मूत्रपिंड ऐकलं की वाटतं हिला लघवी बनवण्याशिवाय दुसरा उद्योग नाही, जेव्हा की रक्तदाब सांभाळणं, तांबड्या पेशी बनवायचा निरोप हाडांतल्या मगजाला धाडणं हेही तिचंच काम. तरी माझं मत मूत्रपिंडालाच, वृक्क घाईत वाचणारा वृक्ष वाचतो.

—

नावापेक्षा मला क्रियापद खटकतं. सगळीकडे लिहितात ‘मूत्रपिंड रक्त गाळतं’. आता आपण गाळतो तेव्हा चोथा वर राहतो आणि हवं ते खाली येतं. इथे उलटं आहे, रक्तपेशी आणि प्रथिनं ही कामाची मंडळी वरच राहतात, आणि खाली जे उतरतं त्यात युरिया असतो तसं पाणी, मीठ, साखर असं लाखमोलाचंही असतं. एकेका किडनीत १० लाखांच्या आसपास नेफ्रॉन, म्हणजे हे काम करणारे सूक्ष्म घटक, प्रत्येकाच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा गुंता, आणि दोन्ही किडन्यांत मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव खाली उतरतो. तो सगळा बाहेर पडला तर तासाभरात माणूस संपेल. पण पुढच्या नागमोडी नळीत शरीर त्यातलं हवं ते परत उचलून घेतं, पाणी तर जवळजवळ ९९ टक्के, आणि हाती उरते दीड लिटर लघवी. म्हणून ‘गाळतं’ म्हणणं अर्धंच. मी ‘वेचतं’ म्हणेन. साखर एरवी सगळी वेचली जाते, रक्तात फारच वाढली की वेचणारे हात पुरत नाहीत आणि ती लघवीत उतरते, आणि आपल्या ‘मधुमेह’ शब्दात नेमकं तेच आहे, मेह म्हणजे मूत्र.

—

मेह माहीत नव्हतं!! आयुष्यभर मेह म्हणजे रोग समजत होते. आता प्रश्न लघवीचा. संपादक म्हणतात मूत्र लिहा, पण ‘मूत्र तुंबलं’ कोण म्हणतं? लघवी तुंबते, लघवीला लागते.

—

लघवीच ठेवा, लघुशंकेतल्या लघुचीच लेक ती, पुरेशी सभ्य आहे. मूत्र जोडशब्दांपुरतं. आणि ‘उन्हाळी लागणे’ आवर्जून घाला. पाणी कमी पडलं की मेंदूतून हार्मोन सुटतं, किडनी आणखी पाणी परत ओढते, लघवी थोडी आणि गडद होते, त्यात जळजळ असली की म्हणायची उन्हाळी. मात्र इन्फेक्शननेही तसंच जळतं, तेव्हा पुढे डॉक्टरांना दाखवा असं लिहाच.

—

लिहिलं: ‘मूत्रपिंड रक्त आधी गाळतं, मग त्यातलं कामाचं परत वेचून घेतं.’ संपादकांनी मान्य केलं, फक्त मूतखडाचा मू ऱ्हस्व करायला सांगितलाय, मुतखडा.