अनुभव धागा : आयबीएमने थिंकपॅड विकले तेव्हा तुम्ही काय केले?

धागाकर्ता, पुणे

आयबीएम या अमेरिकी कंपनीने आपला संपूर्ण पीसी (वैयक्तिक संगणक) विभाग लेनोवो या चिनी कंपनीला विकल्याची बातमी ८ डिसेंबर २००४ रोजी सकाळी आली, तेव्हा मी सर्वांत आधी माझा टी४० (आयबीएमचा थिंकपॅड लॅपटॉप) बंद करून उलटा केला आणि पोटाखालचा छोटा कागद वाचला. त्यावर ‘मेड इन चायना’ असेच छापलेले होते. दीड वर्ष मी ते यंत्र रोज पाठीवर वाहत होतो, पण तो कागद कधी वाचला नव्हता. आयबीएमचे थिंकपॅड शेंझेन येथील भागीदारीच्या कारखान्यात आधीपासूनच बनत होते, आणि तरीही आमच्या कार्यालयात दिवसभर ‘आता चायना माल मिळणार’ याच एका वाक्यावर चहा पिऊन झाला. ते वाक्य बोलणाऱ्यांत मीही होतो, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

विषयाची चौकट थोडक्यात सांगतो. सव्वा अब्ज डॉलर रोख आणि समभागांच्या रूपात, शिवाय सुमारे ५० कोटी डॉलरची देणी अंगावर घेणे, असा तो व्यवहार होता. तो १ मे २००५ रोजी पूर्ण झाला. आयबीएमकडे लेनोवोचे जवळजवळ १९ टक्के समभाग आले, सुमारे दहा हजार कर्मचारी नव्या कंपनीत गेले, आणि लेनोवोला पाच वर्षे आयबीएमचे नाव वापरण्याची मुभा मिळाली. विकत घेणाऱ्यापेक्षा विकल्या जाणाऱ्या विभागाची उलाढाल तिपटीच्या आसपास होती, त्यामुळे अनेकांना हा व्यवहार उफराटा वाटला. मात्र जानेवारी २००५ मध्ये आयबीएमने दिलेल्या हिशेबानुसार या विभागाला आधीच्या साडेतीन वर्षांत ९६ कोटी डॉलरहून अधिक तोटा झालेला होता. आम्ही ज्याला मुकुटातला हिरा समजत होतो, तो मालकाच्या दृष्टीने ओझे होता.

त्या काळी आपण ग्राहक म्हणून (स्वतःच्या पैशाने, किंवा कंपनीच्या) नेमके काय केले, ते सविस्तर लिहावे अशी विनंती आहे. कोणता ब्रँड चांगला हा वाद येथे नको. सेवाकेंद्र किंवा विक्रेत्याविषयी कटू अनुभव असेल, तर त्याचे नाव घेऊ नये.

खरेदी विभागातून निवृत्त, मुंबई

बातमी आली त्या आठवड्यात माझ्या टेबलावर चारशे लॅपटॉपांची मागणी मंजुरीसाठी पडलेली होती. कोटेशन आयबीएमच्या नावाचे होते, वॉरंटी तीन वर्षांची होती आणि माल मार्चपर्यंत यायचा होता. आमच्या वरिष्ठांनी फाइलवर एवढेच लिहिले, ‘तीन वर्षे कोण?’ इतका नेमका शेरा मी नोकरीच्या बत्तीस वर्षांत दुसरा पाहिला नाही.

ग्राहकाची खरी काळजी त्या तीन शब्दांत होती. यंत्र कोण बनवते याच्याशी मोठ्या खरेदीदाराला फारसे देणेघेणे नसते. मदरबोर्ड गेला तर दुसऱ्या दिवशी बोर्ड घेऊन कोण येणार, आणि तो आला नाही तर दंड कोणाच्या बिलातून कापायचा, हे मात्र त्याला कागदावर हवे असते. व्यवहार पूर्ण होईपर्यंत विक्रेता आयबीएमच राहणार होता आणि नंतरही सेवेचे काम आयबीएमच्या सेवायंत्रणेमार्फत चालणार असल्याचे दोन्ही कंपन्यांनी जाहीर केले होते. आम्ही ते आश्वासन जाहीर निवेदनावर सोडले नाही. खरेदी आदेशात एक परिच्छेद घातला : मालकी बदलल्यास वॉरंटीची सर्व बंधने नव्या मालकावर जशीच्या तशी लागू राहतील, आणि सुटे भाग पाच वर्षे मिळतील. पुरवठादाराने आठ दिवस कुरकुर करून सही केली.

त्या पुरवठादाराचे नाव लिहीत नाही, पण त्याने एक गंमत केली. ‘हा शेवटचा खरा आयबीएमचा साठा आहे, पुढे मिळणार नाही’ असे सांगून त्याने जुन्या मॉडेलांवर सवलत देण्याचे सरळ नाकारले. सोन्याच्या दुकानात शोभावे असे बोलणे होते ते. आमच्याच काही अधिकाऱ्यांनी त्यावर विश्वास ठेवून घरासाठी एकेक नग चढ्या भावाने घेतला.

पुढे २००६ मध्ये टी६० हे नवे मॉडेल आले, तेव्हा खरा घोळ झाला, आणि तो मालकीचा नव्हता, चार्जरचा होता. टी४३ पर्यंतची यंत्रे १६ व्होल्टच्या चार्जरवर चालत, टी६० ला २० व्होल्ट लागत आणि त्याची पिनही जाड होती. जुनी डॉकिंग स्टेशनेही (टेबलावरची, लॅपटॉप बसवून जोडण्या मिळवायची साधने) बसेनात. प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक बैठकीच्या खोलीत आम्ही एकेक जादा चार्जर ठेवलेला होता. ते सगळे एका दिवसात अर्ध्या लोकांसाठी निरुपयोगी झाले. ‘चिन्यांनी आल्या आल्या चार्जर बदलून पैसे काढले’ असे लोक बोलू लागले. वस्तुतः रचना जपानमधल्या यामातो प्रयोगशाळेतील तीच मंडळी करत होती, आणि त्या टी६० च्या झाकणावर अजून आयबीएमचीच लाल-हिरवी-निळी अक्षरे होती. मी दोन्ही चार्जरांच्या दोऱ्यांना रंगीत चिकटपट्टी लावून घेतली, जुन्यांना पिवळी आणि नव्यांना हिरवी, आणि तक्रारी थांबल्या.

सध्या नॉर्थ कॅरोलिना

वरच्या प्रतिसादातील काकांनी कागदाची काळजी लिहिली आहे, मी माणसांची लिहिते. आम्ही तेव्हा नॉर्थ कॅरोलिनातल्याच राले शहराजवळ राहत होतो. आयबीएमचा पीसी विभाग याच परिसरात असल्यामुळे, लॅपटॉप विकत घेणारे आणि तो बनवणारे शेजारी शेजारी राहतात अशी आमची वसाहत होती. मी स्वतः तिथे कधी नोकरी केली नाही, मी एका लहान कंपनीत हिशेब पाहत असे आणि आमच्याकडे बारा थिंकपॅड होते. आमच्या मालकीणबाईंनी पुढची खरेदीही थिंकपॅडचीच केली, कारण त्यांच्या मते ज्यांच्या मुलांबरोबर आपली मुले फुटबॉल खेळतात त्यांचे काम आपण थांबवायचे नाही. बाजारभाव, वॉरंटी, सुरक्षा यांतला एकही मुद्दा त्या चर्चेत आला नाही.

इतरत्र मात्र सुरक्षेचाच मुद्दा होता. परदेशी गुंतवणुकीची छाननी करणाऱ्या अमेरिकी सरकारच्या समितीने हा व्यवहार तपासून मार्च २००५ मध्ये मोकळा केला. तरी पुढच्याच वर्षी, परराष्ट्र खात्याने लेनोवोचे सुमारे १६ हजार संगणक घेतल्याचे कळल्यावर व्हर्जिनियाचे अमेरिकी संसदेतील सदस्य फ्रँक वुल्फ यांनी आक्षेप घेतला आणि हे संगणक गोपनीय जाळ्यावर वापरणार नाही असे खात्याला सांगावे लागले. आमच्या एका ग्राहक कंपनीला सरकारी कामे मिळत. तिने त्या महिन्यात आमच्याकडे लेखी विचारणा केली की त्यांचे हिशेब ज्या यंत्रांवर आहेत ती १ मे २००५ च्या आधीची आहेत की नंतरची. मी बाराही यंत्रे ओळीने मांडून अनुक्रमांक लिहून काढले. सात आधीची निघाली, पाच नंतरची. बनावटीच्या जागेच्या रकान्यात फरक काहीच नव्हता. ते पत्र मी पाठवले आणि त्यावर उत्तर आले नाही.

जुन्या लॅपटॉपांची खरेदी-विक्री, ठाणे

माझा अनुभव दुकानाच्या या बाजूचा आहे. कंपन्यांच्या भाडेकराराची मुदत संपली की थिंकपॅड गठ्ठ्याने येतात. आम्ही लॅमिंग्टन रोडवरून उचलतो, पुसतो, रॅम वाढवतो, विकतो. २००७ ते २०१० या काळात गिऱ्हाईक आत आले की किंमत विचारण्याआधी झाकणाचा कोपरा पाहत असे. तिथे आयबीएम दिसले तर पाचशे ते हजार रुपये जास्त देण्याची तयारी असे, आत यंत्र एक पिढी जुने असले तरी. मी समजावून सांगत असे की दादा, बिजागऱ्या त्याच आहेत, कीबोर्ड तोच आहे, खालचे स्क्रू काढले की पूर्वीसारखाच वर उचलून हातात येतो. पटत नसे. काही व्यापारी जुन्या झाकणाची पट्टी नव्या यंत्राला बसवून देत. मी ते केले नाही, पण त्यांचा माल माझ्या आधी संपत असे हेही खरे.

आमच्या धंद्याची भीती निराळी होती. थिंकपॅड दुरुस्तीला सोपा, कारण प्रत्येक स्क्रूची लांबी आणि प्रत्येक भागाचा क्रमांक सांगणारी दुरुस्ती-पुस्तिका कंपनी सर्वांना फुकट देत असे. नवा मालक ती बंद करील आणि आम्हाला अंदाजाने यंत्रे उघडावी लागतील, असे आम्ही धरून चाललो होतो. ती बंद झाली नाही. नव्या मॉडेलांच्याही पुस्तिका येत राहिल्या, तेव्हा मी लेनोवोचा माल बिनधास्त भरू लागलो.

अनुवादक, कोल्हापूर

मी आकडे आणि करारांपासून दूर आहे. माझे नाते कीबोर्डाशी आहे. दिवसाला आठ-नऊ तास मराठी टंकलेखन करणाऱ्या माणसाला कळांचा खोलगटपणा, त्यांचा परत वर येण्याचा वेग आणि मधला लाल ठिपका (पडद्यावरचा बाण हलवणारा) यांची ओळख बोटांच्या टोकांना असते. डोळ्यांना ती सांगता येत नाही. विक्रीची बातमी ऐकून मी घाबरले आणि माझ्या पैशांत जमेल ते केले, म्हणजे माझ्या एक्स४० थिंकपॅडसाठी दोन सुटे कीबोर्ड आणवून कपाटात साड्यांच्या खाली ठेवले. आई विचारत असे की हे कसले पाट आहेत.

भीती खरी ठरायला सात वर्षे लागली. विक्रीनंतरही सात ओळींचा कीबोर्ड चालूच राहिला, आणि २०१२ मध्ये एक्स२३० आणि टी४३० बरोबर सहा ओळींचा, सपाट बेटांसारख्या कळांचा कीबोर्ड आला. जगभरच्या जुन्या ग्राहकांनी त्यावर भरपूर लिहिले. पण तोवर सगळा बाजारच त्या दिशेला गेला होता, आणि आयबीएमने विभाग ठेवला असता तर जुनी ठेवण टिकली असती असे मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये थिंकपॅडला पंचवीस वर्षे झाली म्हणून लेनोवोने सात ओळींचा कीबोर्ड असलेले एक खास मॉडेल काढले. मी किंमत पाहिली आणि कपाट उघडले. दुसरा कीबोर्ड अजून कोराच आहे.

तेव्हा विद्यार्थी, आता नागपूर

धाग्याच्या कडेचा अनुभव आहे, चालत असल्यास ठेवावा. मी २०१३ च्या दिवाळीत सोनी वायो घेतला आणि ६ फेब्रुवारी २०१४ रोजी सोनीने वायोचा व्यवसाय जपान इंडस्ट्रियल पार्टनर्स या गुंतवणूक संस्थेला विकत असल्याचे जाहीर केले. थिंकपॅडवाल्यांना निदान नवा मालक आपल्या देशात दुकान मांडून बसलेला दिसत होता. वायोची नवी कंपनी सुरुवातीला फक्त जपानमध्ये विकणार होती, त्यामुळे माझ्या हातातले यंत्र एकाएकी बेवारस वाटू लागले. विकलेल्या यंत्रांची सेवा सोनीच देत राहील असे सांगितले गेले होते, पण तो विकत घेऊ शकणाऱ्या वर्गमित्रांना ते कोण सांगणार? मी तो लॅपटॉप निम्म्या किमतीलाही विकू शकलो नाही. मग विकायचा विचार सोडला आणि २०२० पर्यंत वापरला.

धागाकर्ता, पुणे

वायोचा अनुभव अवश्य राहू द्या, प्रश्न तोच आहे. मुंबईच्या काकांना एक विचारायचे आहे : जानेवारी २०१४ मध्ये आयबीएमने आपले एक्स८६ सर्व्हरही (इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरवर चालणारे) लेनोवोलाच विकत असल्याचे जाहीर केले. तेव्हा तुम्ही नोकरीत होता का?

खरेदी विभागातून निवृत्त, मुंबई

निवृत्तीला चौदा महिने बाकी होते. सर्व्हरची मागणी आली तेव्हा माझ्या हाताखालच्या मुलीने बातमीचे कात्रण लावून विचारले की आता काय लिहायचे. मी तिला दप्तरखान्यातून २००४ ची फाइल आणायला सांगितली. परिच्छेद जसाच्या तसा उचलला, ‘लॅपटॉप’ काढून ‘सर्व्हर’ लिहिले आणि तारीख बदलली. पुरवठादार तोच होता. या वेळी त्याने दुसऱ्याच दिवशी सही केली.