फुल टँग ठीक, पण धार?

चाकू घेताना ‘फुल टँग नसेल तर घेऊच नका’, म्हणजे पात्याचा मुठीतला भाग (टँग) मुठीच्या टोकापर्यंत हवाच, असं एक मत आहे. ओंडके फोडायचे असतील तर ते पटतं. पण कमी बजेटमध्ये धारेचा कोनही बघा. मोरा कंपॅनियन हेवी ड्यूटी या चाकूचं पातं ३.२ मिमी जाड आहे, टँग मात्र मुठीच्या टोकापर्यंत जात नाही. त्याच्या स्कँडी धारेची (दोन्ही बाजूंनी एकाच सपाट उताराने थेट कडेपर्यंत येणाऱ्या धारेची) कड फार पातळ, त्यामुळे सुक्या बांबूच्या गाठीवर जोर लावला की दाते पडतात. बारीक दगडावर दोन्ही बाजूंनी साधारण २० अंशांत चार-पाच हलके हात मारले की कड टिकते.

आणि मुंबईच्या पावसाळ्यात स्टेनलेसच बरं! कार्बन स्टील घेतलंच, तर चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं. पुसून, शिलाई मशीनचं तेल लावून सुटंच ठेवा.