फायबरग्लासचा फ्लाय रॉड घ्यायचाय, नाशिकच्या पाण्यासाठी कुठला बरा?

आनंदवलीकर:
नमस्कार मंडळी. लहानपणापासून गळ टाकतोय, बांबूची काठी झाली, स्पिनिंग रॉड झाला, आता फ्लाय फिशिंगचं, म्हणजे पिसं-दोऱ्याचा हलका नकली किडा (फ्लाय) टाकून मासे धरायचं वेड लागलंय. पुढच्या एप्रिलमध्ये हिमाचलला तीर्थन खोऱ्यात ट्राउटसाठी जायचं ठरतंय, पण एरवी वर्षभर रॉड इथंच वापरणार ना, गंगापूरचं बॅकवॉटर, वालदेवी, दारणा, जिथं मच्छीमार सोसायटी परवानगी देईल तिथं. चिलापी, बारीक मासे आणि नशिबात असेल तर मरळ. जो तो सांगतो ग्राफाइटचा, म्हणजे कार्बन फायबरचा, नऊ फुटी पाच नंबर (किती जड लाईनसाठी रॉड आहे तो नंबर) घे आणि विषय संपव, पण एका ओळखीच्यांच्या हातात ग्लासचा रॉड पार मुठीपर्यंत वाकताना बघितला तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये. लांबी किती घेऊ, नंबर कुठला, ई-ग्लास एस-ग्लास ही काय भानगड आहे? आणि बाजारात फायबरचा टेलिस्कोपिक रॉड मिळतो त्याला फ्लाय लाईन लावून चालेल का?

वालदेवी_वारा:
टेलिस्कोपिक नको भाऊ. फ्लायला स्वतःचं वजन नसतं, फेकायची असते ती लाईन, आणि ती लाईन मागं-पुढं होताना रॉड पूर्ण लांबीभर सारखा वाकायला पाहिजे. टेलिस्कोपिकला प्रत्येक जोडाशी कडक गाठ, गाईड (लाईन ओवायच्या कड्या) मोजकेच, वर रीळ हाताच्या पुढं. फ्लाय रॉडला रीळ एकदम बुडाशी, मुठीच्या मागं असतं.

आता तुझा खरा प्रश्न. आधी ठरव की तू किती लांब फेकणार आहेस. वालदेवीला काठाकाठानं चिलापी फिरते ती वीस-तीस फुटांत असते, आणि तीर्थनसारख्या ओढ्यात तर दगडांमधल्या खिशात पंधरा फुटांवर फ्लाय सोडायची असते. एवढ्या कमी अंतरात ताठ ग्राफाइट वाकतच नाही, बाहेर लाईनच तेवढी नसते, आणि ग्लास मात्र थोड्याशा लाईननं पण छान वाकतो. म्हणून साडेसात फुटी, चार नंबर. आठ फुटाच्या वर ग्लास टोकाला जड लागायला लागतो, सकाळभर फेकलं की मनगट बोलतं. ट्राउटला बारीक टिपेट (फ्लाय बांधायचा शेवटचा पातळ दोरा) लावतात, तिथं मासा झटका मारतो तेव्हा हाच मऊपणा टिपेट वाचवतो. आणि तीर्थनला जाताना तिथल्या मत्स्य विभागाचं लायसन काढ, ट्राउट नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंद असतो, एप्रिल बरोबर आहे.

अंबड_एमआयडीसी:
मी एफआरपीच्या (फायबरग्लास घातलेल्या प्लास्टिकच्या) कामात आहे म्हणून मटेरियलचं सांगतो. ई-ग्लास म्हणजे टाक्या, छपरं, बोटी यांना वापरतात तेच, त्याचा ताठपणा साधारण 72 गिगापास्कल. एस-ग्लास 86 च्या आसपास आणि ताकदही जास्त. साधा कार्बन 230 च्या घरात आणि वर वजनाला ग्लासपेक्षा हलका. म्हणजे तेवढाच ताठपणा आणायला ग्लास जास्त लागतो, रॉड जाड आणि जड होतो, वालदेवी_वारा म्हणतात तो टोकाचा जडपणा यातूनच येतो. एस-ग्लासमध्ये भिंत पातळ ठेवता येते म्हणून रॉड हलका आणि जरा चपळ, ई-ग्लास संथ आणि खोल वाकणारा. संथ म्हणजे वाईट नाही हं, हात सावकाश चालवायची सवय लागली की ई-ग्लासची मजा वेगळीच आहे. आणि दगडावर आपटला, गाडीत दबला तरी ग्लास पटकन दगा देत नाही, ग्राफाइटला बारीक ओरखडा पडला तरी तिथूनच मोडायची भीती.

ग्लासचे फ्लाय रॉड दुसऱ्या महायुद्धानंतर आले, 1970 च्या दशकात ग्राफाइट आला आणि हे मागं पडले, पण चांगल्या कंपन्यांनी मधल्या काळात पुन्हा बनवायला घेतलेत. ईगल क्लॉचा पिवळा फेदरलाइट स्वस्तातला, एको रिव्हर ग्लास आणि रेडिंग्टन बटर स्टिक मधले, स्कॉटची एफ सिरीज महाग. बाहेरून मागवलास तर कस्टम ड्युटी धरून हिशेब कर.

दारणाकाठ:
चार नंबरचं वरती बरोबर आहे पण मरळचं कोणी बोललंच नाही. मरळ जलपर्णीच्या कडेला बसते, धरली की थेट आत घुसते, साडेसात फुटी चार नंबर ग्लास तिला बाहेर ओढूच शकत नाही, नुसता वाकत राहतो आणि मासा मुळांत गुंडाळून मोकळा. तोंडही हाडाचं, रॉड वर उचलून गळ बसत नाही, लाईन डाव्या हातानं जोरात खेचावी लागते. मरळसाठी आठ नंबर वेगळा घे. जड नंबरचे ग्लास रॉड येतात आणि त्यांच्या बुडात दम असतो, पण गंगापूरला दुपारनंतर समोरून वारा लागतो तेव्हा मी तरी ग्राफाइटच उचलतो. एका रॉडमध्ये चिलापी आणि मरळ दोन्ही बसवायला जाऊ नकोस.

रॉडइतकीच लाईन महत्त्वाची, आणि लोक इथंच कंजूषी करतात. नंबर म्हणजे लाईनच्या पहिल्या तीस फुटांचं वजन, चार नंबरला 120 ग्रेन, पाचला 140 ग्रेन म्हणजे जेमतेम नऊ ग्रॅम. हल्ली बऱ्याच लाईन ताठ ग्राफाइट वाकावेत म्हणून अर्धा-एक नंबर जड बनवतात आणि डब्यावर मात्र चारच लिहितात. ती ग्लासवर लावलीस तर रॉड लोळागोळा होतो. डब्यावर ग्रेन किती ते वाच, डबल टेपर (दोन्ही टोकांना सारखी निमुळती) घे, एक टोक झिजलं की उलटी करून वापरता येते.

आनंदवलीकर:
मनापासून धन्यवाद सगळ्यांना. चार नंबर साडेसात फुटी पक्कं, मरळ नंतर बघू. ओळखीच्यांकडे एक जुना दोन तुकड्यांचा ग्लास आहे, चार नंबरच, विकायचाय म्हणतात. पण जोड लावला तरी मधे थोडी फट राहते, म्हणजे खराब झालाय का?

अंबड_एमआयडीसी:
उलट चांगलं लक्षण आहे. खालच्या तुकड्यातून भरीव खुंटी बाहेर आलेली दिसत असेल तर तो स्पिगॉट जोड, त्यात फट मुद्दाम ठेवतात, कारण वापरून खुंटी झिजते आणि फट हळूहळू भरत जाते. फट अजिबात उरली नसेल आणि जोड ढिला असेल तेव्हा काळजी. घेण्याआधी जोड लावून रॉड हलवून बघ, टकटक आवाज यायला नको. मग गाईडमधून कापसाचा बोळा फिरव, अडकला तर आत चर पडलाय, लाईन कापली जाईल, पण गाईड बदलता येतात. जोडाच्या तोंडाशी लांब उभी चीर असेल तर मात्र सोडून दे.

वालदेवी_वारा:
आणि घेतलास की लगेच धरणावर पळू नकोस. गोल्फ क्लब मैदानावर फिरणारे येण्याआधी पहाटे जा, गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांध आणि वीस फुटांवर रुमाल टाकून त्यावर पाडायला शिक. नांदूर मधमेश्वरला नेऊ नकोस, ते अभयारण्य आहे. रविवारी मी वालदेवीला आहे, परवानगीचं सोसायटीशी बोललोय, यायचं असेल तर मेसेज कर, माझा ग्लास हातात घेऊन बघ.