कोणतं कर्जत? कोणतं खेड? एकाच नावाने घातलेले घोळ

मित्राच्या बहिणीचं लग्न कर्जतला. ठाण्याहून सकाळची लोकल पकडली, उतरून वडा खाल्ला आणि फोन लावला, "स्टेशनवर आलोय, कार्यालय कुठे?" पलीकडून, "अरे, आमच्या कर्जतला स्टेशनच नाही!"

लग्न नगर जिल्ह्यातल्या कर्जतला, गोदड महाराजांच्या गावी. मी रायगडातल्या, जिथे घाट चढायला गाड्यांना मागून इंजिनं जोडतात. पत्रिकेत 'ता. कर्जत' होतं, पण दोन्ही तालुकेच! खाली बारीक अक्षरांतला जिल्हा कोण वाचतो?

तुमचेही किस्से येऊ द्या.

*

आमचं खेड जगबुडीकाठचं, रत्नागिरी जिल्ह्यातलं. पुण्यात नोकरीला असताना 'खेडचा' म्हटलं की लोक म्हणायचे, "मग काय, रोज जाऊन-येऊन करत असशील." भीमेकाठच्या खेडचं राजगुरुनगर झालं, हुतात्मा राजगुरूंचा जन्म तिथलाच, १९०८चा. पण तालुक्याचं नाव खेडच राहिलं. माझं एक प्रकरण महिनाभर तिकडे फिरून आलं, शेऱ्यासकट : 'सदर गाव या तालुक्यात नाही.' गाव कुठे गेलं असं वाटलं असेल त्यांना?

*

आमच्याकडे वऱ्हाडात 'कारंजा' एवढंच म्हणून भागत नाही. मामा नागपूरहून गुरुमंदिराच्या दर्शनाला निघाले, गाडीत डुलकी लागली, 'कारंजाऽऽ' ऐकून घाईघाईने उतरले. पाहतात तर कारंजा घाडगे, वर्धा जिल्हा. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान कारंजा लाड, तिकडे वाशिम जिल्ह्यात. पानठेल्यावर विचारलं तर तो म्हणे, "रोज एक-दोघं तरी उतरतातच जी." बरं, उरणजवळही एक कारंजा आहे. मामा तिथे गेले नाहीत एवढंच.

*

गावं कशाला, दादर घ्या. मध्यवर फलाट १, पश्चिमवरही फलाट १. "एक नंबरवर थांब" एवढं ठरवून मी आणि बायको (तेव्हा बायको नव्हती) पाऊण तास आपापल्या एक नंबरवर. तेव्हा मोबाइल कुठले! दोघंही रागावून घरी. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेने आपल्या फलाटांना ८ ते १४ क्रमांक दिले. आता मुलगी कॉलेजात आहे, तिच्या कामी येईल.

*

पुण्याचं न्यू इंग्लिश स्कूल १८८०चं, चिपळूणकर-टिळकांचं. पुढे त्या नावाच्या शाळा गावोगाव निघाल्या, मी त्यातल्याच एका पत्र्याच्या शाळेतला. मुलाखतीत साहेब दाखला बघून खूश, "वा, टिळकांची शाळा!" मी मान हलवली. नोकरी लागली.

*

बुद्रुक म्हणजे थोरलं, खुर्द म्हणजे धाकटं, दोन्ही शब्द फारसीतले. आमच्या खुर्दात हायवे आला, बँक आली, बुद्रुक तिथंच राहिलं. पण बुद्रुकची म्हातारी माणसं अजून आम्हाला "काय खुर्दवाले, बाजाराला का?" असंच विचारतात. बाजार आमच्याकडे भरतो.