पोस्टग्रेस डेटाबेसमधलं ८० कोटी रेकॉर्डचं टेबल, रिपोर्टला ४ मिनिटं लागून राहिली

मिहानवाला:
नमस्कार मंडळी, मी नागपूरला मिहानमधल्या एका छोट्या कंपनीत आहे, डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) असा वेगळा माणूस नाही म्हणून सगळं माझ्याच गळ्यात. ट्रकांचा जीपीएस डेटा येतो, दर मिनिटाला एक पिंग (ट्रक कुठं आहे त्याची नोंद), सगळं एकाच टेबलात, पोस्टग्रेस १५, आता ८० कोटी रेकॉर्ड झाले. पिंगच्या वेळेवर इंडेक्स (पटकन शोधायची सूची) आहे तरी एका दिवसाचा रिपोर्ट ४ मिनिटं घेऊन राहिला. रोज रात्री ६ महिन्यांच्या आधीचा डेटा डिलीट करतो पण डिस्क काही कमी होत नाही. साहेब म्हणतात रॅम ३२ ची ६४ जीबी करू. करू का?

धंतोलीकर:
भाऊ, रॅमचे पैसे खर्च करू नका अजून. आधी क्वेरीला (डेटा मागायच्या आदेशाला) एक्सप्लेन ॲनालाइझ लावा, बफर्स पण चालू ठेवा (किती डेटा वाचला ते दिसते), अन् प्लॅन पाहा, म्हणजे डेटाबेस ती क्वेरी कशी चालवते ते. व्हेअरमधी (क्वेरीची अट लिहितो तिथं) वेळेच्या कॉलमला डेट फंक्शनमधी गुंडाळलं आहे का? तसं असेल तर साधा इंडेक्स तिथं कामालाच येत नाही, अख्खं टेबल वाचलं जाते. तो दिवस सुरू होतो त्या रात्री १२ पासून दुसऱ्या रात्री १२ च्या आत, असा सरळ कॉलमवर रेंज टाका.

स्लो_क्वेरी:
डिलीटबद्दल सांगते. पोस्टग्रेसमध्ये डिलीट केलेला रेकॉर्ड मेलेला म्हणून तिथंच पडून राहतो. व्हॅक्यूम, म्हणजे पोस्टग्रेसची साफसफाई, ती जागा नव्या रेकॉर्डसाठी मोकळी करतो, पण सहसा डिस्कला परत देत नाही. आणि ऑटोव्हॅक्यूमचा (आपोआप चालणाऱ्या व्हॅक्यूमचा) स्केल फॅक्टर, म्हणजे टेबलाचा किती भाग मेला की तो सुरू व्हायचा, मुळात ०.२ असतो, म्हणजे तुमच्याकडे जवळपास १६ कोटी रेकॉर्ड मेल्याशिवाय तो हलणारच नाही! फक्त या टेबलासाठी तो ०.०१ करा. व्हॅक्यूम फुल मात्र दिवसा चुकूनही चालवू नका दादा, टेबल पूर्ण लॉक होतं आणि नवी कॉपी बनवायला तेवढी जागा वेगळी लागते.
खरा उपाय महिन्यावार पार्टिशन, म्हणजे टेबलाचे महिन्यानुसार वेगळे तुकडे. जुना महिना ड्रॉप केला की क्षणात जागा मोकळी, मेलेले रेकॉर्ड उरतच नाहीत. फक्त प्रायमरी कीमध्ये (रेकॉर्ड ओळखायच्या कॉलममध्ये) पिंगची वेळही घ्यावी लागते, मी स्वतः तिथं २ दिवस अडकले होते.

मिहानवाला:
धंतोलीकर भाऊ, डेट फंक्शनच होतं बाप्पा! रेंज टाकली तर रिपोर्ट ३ सेकंदात आला. मेलेले रेकॉर्ड पाहिले तर ११ कोटी. पण पार्टिशनसाठी ८० कोटी रेकॉर्ड कॉपी करायचे म्हणजे सर्व्हर किती वेळ बंद ठेवू?

स्लो_क्वेरी:
कॉपी करूच नका. जुनं टेबल आहे तसंच एक मोठं पार्टिशन म्हणून जोडा, नवा डेटा नव्या महिन्यांच्या पार्टिशनमध्ये जाऊ द्या, ६ महिन्यांनी जुनं एकदमच ड्रॉप. जोडायच्या आधी जुन्यावर तारखेचं चेक कन्स्ट्रेंट (यातल्या तारखा अमुक मर्यादेतच, अशी अट) लावा, नॉट व्हॅलिड ठेवून, म्हणजे आधीचे रेकॉर्ड लगेच न तपासता, आणि मग व्हॅलिडेट करून ते तपासून घ्या, म्हणजे जोडताना लॉक धरून सगळं टेबल तपासत बसत नाही. आणि रात्रीचं डिलीट त्या दिवसापासून बंद.

धंतोलीकर:
नव्या पार्टिशनवर वेळेसाठी ब्रिन इंडेक्स पण करून पाहा, तो डेटाच्या एकेका गठ्ठ्याची फक्त सर्वात आधीची अन् सर्वात नंतरची वेळ ठेवतो, म्हणून एकदम चिमुकला असतो. जुन्या टेबलावर नका करू, तिथं डिलीटनं मोकळ्या झालेल्या जागेत नवे रेकॉर्ड घुसले असतील, क्रम बिघडलेला, ब्रिनचा उपयोग होणार नाही.