आपला तो बाब्या: तुमच्या टीमचं फावलं, असा एखादा वाद सांगा

जागरणवाला

युरोपातल्या फुटबॉलवर बोलायला बसलं की प्रत्येकाकडे आपल्यावर झालेल्या अन्यायांची यादी तयार असते. ती इथे नको, सगळ्यांची सगळ्यांना पाठ आहे. ज्या वादात तुमच्या टीमचं फावलं, किंवा तिची बाजू घेताना तुमचीच जीभ अडखळली, तो सांगा. सुरुवात मी करतो.

मी रिअल माद्रिदवाला. १२ मार्च २०२५, चॅम्पियन्स लीग, अ‍ॅटलेटिकोचं मैदान. आपल्याकडे रात्रीचा दीड, म्हणजे १३ तारीख उजाडलेली. पहिल्याच मिनिटाला त्यांच्या गॅलाघरनं गोल मारून दोन लेगचा, म्हणजे दोन्ही मॅचेसचा मिळून, हिशोब २-२ केला आणि मग तो आकडा काही हलेना. आमच्या व्हिनिसियसनं पेनल्टी आकाशात मारली. पेनल्टी शूटआउटपर्यंत चार वाजले. त्यांचा हुलियन अल्वारेझ आला, मारताना घसरला, तरी बॉल जाळ्यात. मी उशीत तोंड खुपसलं. वर बघतो तर गोल रद्द! टेकूचा डावा पाय बॉलला चाटून गेला होता म्हणे, म्हणजे दोन टच, आणि मारणाऱ्याला एकच चालतो. शेवटी ४-२ नं आम्ही पुढे. मी नाचलो, पण मुकाट्यानं, कारण घर झोपलेलं.

त्या दिवशी होळी. आई पुरणाची डाळ चढवायला उठली आणि म्हणाली, "जिंकलात ना? मग तोंड असं का?" कारण मी तोवर ती क्लिप वीस वेळा बघितली होती. अगदी हळू करून बघितली की बॉल जरासा थरथरल्यासारखा वाटतो. वाटतो, एवढंच. अ‍ॅटलेटिकोवाल्या मावसभावाला मी नियम समजावला आणि तो नियम तेव्हा तसाच होता, यात माझं काही चुकलं नाही. तिकडे अ‍ॅटलेटिकोचा कोच सिमिओने पत्रकारांना म्हणत होता, दोनदा लागलेलं ज्यांनी पाहिलं त्यांनी हात वर करा. मी तिथे असतो तर माझाही हात खालीच राहिला असता.

जूनमध्ये नियम बनवणाऱ्यांनीच खुलासा केला: असा चुकून दुसरा टच होऊन गोल झाला तर पेनल्टी पुन्हा घ्यायची. भावानं ती बातमी पाठवली. सोबत एक शब्द नाही.

कंट्रोल रूम

मुंबईत टॉटनहॅमचे आम्ही साडेतीन शहाणे आहोत. आमच्या फायद्याचं काही घडतं हीच मुळात बातमी.

३० सप्टेंबर २०२३, लिव्हरपूलविरुद्ध. विसर्जन होऊन दोन दिवस झालेले, कानात अजून ढोल. त्यांच्या लुइस दियासचा गोल, लाइन्समनचा झेंडा वर, म्हणून ऑफसाइड. व्हीएआरच्या, म्हणजे व्हिडिओवर निर्णय तपासणाऱ्यांच्या, खोलीतल्यांना वाटलं की मैदानावर गोल दिलाय. त्यांनी पाहिलं, दियास ऑनसाइड होता, म्हणून "तपासणी पूर्ण" असं कळवलं. मैदानावरच्या रेफरीनं त्याचा अर्थ घेतला, झेंडा बरोबर. खेळ सुरू! दोनच मिनिटांत आमच्या सोननं गोल मारला आणि ९६व्या मिनिटाला त्यांच्या मातिपच्या स्वयंगोलवर आम्ही २-१ जिंकलो. लिव्हरपूलचे दोघं रेड कार्डनं बाहेर गेलेले ते वेगळंच.

नंतर त्या खोलीतलं रेकॉर्डिंग जाहीर झालं ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. मी औष्णिक वीज केंद्रात शिफ्टला असतो. आमच्याकडे नुसतं "ओके" म्हटलं तर सीनियर खेकसतो, "काय ओके? व्हॉल्व्ह उघडा ओके का बंद ओके?" समोरच्यानं पूर्ण वाक्य परत म्हणून दाखवल्याशिवाय कुणी बटणाला हात लावत नाही. इथे रिप्ले चालवणाऱ्या माणसाच्या लगेच लक्षात आलं, तो विचारतोय, तुम्हाला हे पटतंय ना? तोवर खेळ सुरू झालेला, आता थांबवता येत नाही. रेफरी विकला गेलाय वगैरे ओरडणाऱ्यांनी ते जरूर ऐकावं. विकलेली माणसं इतकी घाबरत नाहीत.

लिव्हरपूलचा कोच क्लॉप मॅच पुन्हा खेळवा म्हणाला तेव्हा आम्ही साडेतीन जण त्याला हसलो. गुण परत द्या असं मात्र आमच्यातला अर्धासुद्धा म्हणाला नाही.

ताळेबंद

बार्सिलोना, २००६ पासून. पेशानं ऑडिटर, आणि नेमकं तिथंच घोडं अडलं.

नेग्रेइरा प्रकरण फेब्रुवारी २०२३ मध्ये फुटलं. नेग्रेइरा म्हणजे स्पेनच्या रेफरी समितीचा उपाध्यक्ष, आणि त्याच्या कंपन्यांना आमच्या क्लबनं २००१ ते २०१८ या काळात सत्तर लाख युरोंच्या वर रक्कम दिलेली. कशाबद्दल? रेफरींविषयीच्या अहवालांबद्दल. प्रकरण बाहेर आलं तेही टॅक्सवाल्यांच्या चौकशीतून. अमुक मॅच विकत घेतली असं सिद्ध झालेलं नाही, हे मी प्रत्येक वादात छातीठोकपणे सांगतो आणि ते खरं आहे.

पण एखाद्या क्लायंटच्या वह्यांत मला अशी नोंद दिसली असती तर? बिल आहे, पेमेंट आहे, घेणारा माणूस नियंत्रकाच्या खुर्चीवर बसलेला आहे, आणि तो २०१८ मध्ये खुर्चीवरून उठला की पेमेंट बंद. मी पेन खाली ठेवून मालकाला केबिनमध्ये बोलावलं असतं. बायको (तिला ऑफसाइडसुद्धा कळत नाही) म्हणाली, "मग तुमच्या क्लबला सूट का?" तिला म्हटलं, मेस्सी. हे उत्तर नाही, मला माहीत आहे.

आकाशी निळा

ग्रुपवर माझं नाव "कलम ११५". मँचेस्टर सिटी. फेब्रुवारी २०२३ मध्ये क्लबवर पैशाचे नियम मोडल्याचे ११५ आरोप लागले, सुनावणी सुरू झाली सप्टेंबर २०२४ मध्ये, डिसेंबरात संपली, आणि मग निकालाच्या नावानं महिनेच्या महिने शुकशुकाट. क्लब आरोप नाकारतो, मीही नाकारतो. बोचतं ते वेगळंच. तसल्याच नियमांखाली एव्हर्टनचे त्याच दरम्यान दहा गुण कापले, अपिलात ते सहा केले, वर पुन्हा दोन कापले, सगळं एका सीझनमध्ये. गरिबाचा खटला फास्ट ट्रॅकवर. बाकी चालू द्या.

आत्या

स्पेनची फॅन, क्लब कुठलाच नाही. २० ऑगस्ट २०२३, रविवारची दुपार, महिला वर्ल्ड कपची फायनल सिडनीला. सोबत भाची, वय अकरा, शाळेच्या टीममध्ये लेफ्ट बॅक. ओल्गा कार्मोनाही लेफ्ट बॅक, आणि तिनंच गोल मारला. भाची सोफ्यावरून उडीच मारून खाली आली. १-०, इंग्लंड हरलं.

मग मेडल्स. स्पेनच्या फुटबॉल फेडरेशनचा अध्यक्ष रुबियालेस प्रत्येकीला मिठ्या मारतोय, आणि टीममधल्या हेनी हेर्मोसोचं डोकं दोन्ही हातांनी धरून त्यानं ओठांवर चुंबन घेतलं. भाचीनं विचारलं, "ते तिचे बाबा आहेत का?" मी "नाही" म्हटलं आणि पुढे काय बोलावं सुचेना.

सोमवारी ऑफिसात दोन चांगले, सज्जन म्हणावे असे सहकारी म्हणाले, आनंदाच्या भरात होतं असं. हेर्मोसोची संमती नव्हती, हे तिनं स्वतः सांगितलं तरी तेच. रुबियालेस आधी भर सभेत "राजीनामा देणार नाही" असं चार-पाचदा गरजला, सप्टेंबरात दिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये कोर्टानं दोषी धरून १०,८०० युरो दंड केला. भाचीच्या खोलीत कार्मोनाचा फोटो आहे. मला मात्र त्या फायनलमधला गोल आठवायला जरा वेळ लागतो, ते आधी आठवतं. याचा राग कुणावर काढायचा?

पेठेतला

आधी पेठ, मग चेल्सी. कोल्हापूरकर असल्यावर क्रम हाच.

एप्रिल २०२१, लॉकडाऊन, शाहू स्टेडियमला कुलूप. १८ तारखेला रात्री बातमी आली की बारा बड्या क्लबांनी स्वतःची सुपर लीग काढली, त्यात आमची चेल्सी. इंग्लंडचे सहा, स्पेन-इटलीचे तीन-तीन. संस्थापकांना हरून खालच्या लीगमध्ये जायची भीतीच नाही. भावा, खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मला गारच वाटलं. दर आठवड्याला रिअल, युव्हेंटस, मिलान! वडलांना सांगितलं. ते आयुष्यभर तालमीच्या, म्हणजे आमच्या पेठेतल्या फुटबॉल टीमच्या, मॅचेस बघितलेले, इंग्लंडचा एक प्लेअर ठाऊक नाही. म्हणाले, "म्हणजे हरलं तरी वरच? मग हरल्यावर रडायचं कशाला?"

दोन दिवसांनी रात्री बघतो तर आमच्या मैदानाबाहेर, स्टॅमफर्ड ब्रिजला, चेल्सीचीच पोरं टीमच्या बससमोर उभी. आमचा जुना गोलकीपर पीटर चेक बाहेर येऊन हात जोडल्यागत सांगतोय, जरा वेळ द्या. त्याच रात्री इंग्लंडचे सगळे फुटले. त्यांनी अडवलेला रस्ता बघून मला आमची पेठच दिसली. तालमीनं असलं काही केलं असतं तर आमच्या म्हाताऱ्यांनी आधी कप फोडले असते.

श्टुटगार्टकर

५ जुलै २०२४, युरो कपची क्वार्टर फायनल, माझ्याच गावात जर्मनी-स्पेन, मी स्पेनकडून. जर्मनीच्या मुसियालाचा शॉट आमच्या कुकुरेयाच्या हाताला लागला, पेनल्टी नाही, ११९व्या मिनिटाला मेरिनोनं काम तमाम केलं. सोमवारी ऑफिसात माझ्या मॉनिटरवर त्या हाताचा फोटो चिकटवलेला. मी म्हणत राहिलो, हात खाली येत होता, नैसर्गिक होता. सप्टेंबरात युएफानंच, म्हणजे ही स्पर्धा भरवणाऱ्या युरोपच्या फुटबॉल संघटनेनंच, मान्य केलं की पेनल्टी हवी होती. फोटो मी अजून काढलेला नाही, हीच काय ती माझी भरपाई.

उत्तर लंडन, मुक्काम डोंबिवली

आर्सेनल. दोन दिवस विचार करतोय, आमच्या फायद्याचा एकही निर्णय आठवत नाही. अगदी प्रामाणिकपणे सांगतोय.